न उठवता उठलेल्या पेशी

८ जाने. १९९७, बुध.

पेशी ज्यात वाढवतो त्या मीडियमची नवी बॅच आली. कर्णिक मॅडम म्हणाल्या, पेशंटच्या रक्ताला हात लावण्याआधी निरोगी रक्तावर तपासून घ्या. इथली रीतच आहे ती. नवी बाटली फोडली की लॅबमधल्यांनी स्वतःचं रक्त द्यायचं. शबाना म्हणते, "उपाशी ठेवत नाहीत, पण रक्त पिल्याशिवाय सोडत पण नाहीत."

तीन निरोगी माणसं हवीत. मी, शबाना आणि एक पुरुष. लॅबमध्ये पुरुष नाही. शबानाचा भाऊ उरणहून येणार होता, त्याला ताप आलाय, म्हणजे तो बाद. मी म्हटलं, बाबांना आणते. शुक्रवारी त्यांच्या कारखान्याला सुट्टी असते.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "त्यांच्यात कुठलंय रक्त. रोज अर्धी भाकरी ताटात ठेवायलेत."

बाबा म्हणाले, "पोरीच्या कामाला लागतंय म्हणल्यावर काढून घ्या किती बी."

प्रोबेशनचा चौथा महिना. अजून दोन.

१० जाने., शुक्र.

बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. लॅबच्या दारात चप्पल काढून ठेवली. मी म्हटलं, बाबा, आत सगळे चपला घालतात. ते म्हणाले, "असू दे." अनवाणीच आले. मला का कोण जाणे रडू आलं.

रक्त शबानाने काढलं. "काका, मूठ आवळा."

"आवळली. पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवायलोय, मूठ चांगली हाय."

"काका, सुई तुटेल माझी. जरा कमी आवळा."

मग त्यांना सूक्ष्मदर्शक दाखवला. मागच्या आठवड्यातली स्लाइड लावून दिली. बराच वेळ डोळा लावून बसले. मला वाटलं काही दिसत नसेल. मग हळूच म्हणाले, "ह्या काड्या काड्या?"

"ते क्रोमोसोम. पेशी दोन व्हायच्या बेतात असली की असे दिसतात."

"माह्यात बी चालूच असतंय का हे?"

सांगितलं. रक्तातल्या ह्या पेशी झोपलेल्या असतात. आपणहून उठत नाहीत. आम्ही त्यांना पीएचए घालतो. राजम्याच्या दाण्यातून काढतात ते. त्याने त्या जाग्या होतात, वाढतात, आतल्या सगळ्या मजकुराची एकदाच, नीट नक्कल करतात. नक्कल बरोबर झाली का ते तपासतात, आणि मग दुभंगतात. अगदी दुभंगायच्या क्षणी आम्ही दुसरं एक औषध घालून त्यांना जागच्या जागी थांबवतो. ते कळलावीसारख्या झाडातून येतं. थांबल्या की क्रोमोसोम मोजायचे.

बाबांना थांबवण्याचं बरोबर कळलं. "आमच्याकडं बी रिअ‍ॅक्शन अर्ध्यात असताना सॅम्पल काढावं लागतंय. नाहीतर माल हातचा जातो."

जाताना शबानाला म्हणाले, "आमच्या घरात कॉलेजात गेलेली ही पहिली. सांभाळून घ्या." शबाना म्हणाली, "काका, तीच मला ओरडते."

दुपारी मॅडमनी तिन्ही ट्यूबवरची नावं काढून अ, ब, क अशी अक्षरं लावली. कोणतं कोणाचं ते त्यांच्या ड्रॉवरमधल्या चिठ्ठीवर. नाव माहीत असलं की डोळा सवलत देतो, असं त्या म्हणतात. मी तिन्ही कल्चर लावली, म्हणजे रक्त मीडियममध्ये वाढायला ठेवलं. रजिस्टर आधीच भरून ठेवलं होतं, मीडियम, सीरम, रक्त, पीएचए, सगळ्या रकान्यांत टिक. हातमोजे चढवल्यावर पेन धरता येत नाही, म्हणून आम्ही दोघी तसंच करतो. मधेच फोन आला, पनवेलच्या हॉस्पिटलचा, रिपोर्ट कधी मिळेल म्हणून. मग ट्यूब इन्क्युबेटरमध्ये. आता सोमवारपर्यंत त्या आणि त्यांचं नशीब.

घरी आईला राजम्याचं सांगितलं. "म्हणजे रक्ताला उसळ चारता?" बाबा इतके हसले की ठसका लागला.

१३ जाने., सोम.

फ्रीजरच्या खोक्यात पीएचएची एक कुपी भरलेली.

शुक्रवारी मी तीन काढल्या होत्या. प्रत्येक ट्यूबला एक. दोन रिकाम्या आहेत. तिसरी जशीच्या तशी, मीच परत ठेवलेली. फोन आला तेव्हा. नक्की तेव्हाच.

रजिस्टरमध्ये तिन्हीपुढे माझी टिक आहे. माझी सही आहे.

कोणत्या ट्यूबमध्ये राहिलं, आठवत नाही. आठवायचा इतका प्रयत्न केला की आता तिन्हीत घातल्याचं आठवतंय आणि तिन्हीत न घातल्याचंही.

मॅडमना सांगितलं नाही. माझ्याआधीची मुलगी रजिस्टरमध्ये खोटं लिहिल्यावरून गेली. मला वाटायचं, कसं कोणी असं करतं. तिन्हींचं हार्वेस्ट केलं, म्हणजे पेशी थांबवून काढून घेतल्या.

म्हणजे एक स्लाइड रिकामी निघणार. मॅडम म्हणणार बॅच खराब. बॅच परत जाणार. चांगली बॅच, माझ्या तोंड न उघडण्यामुळे.

१४ जाने., मंगळ.

मॅडमनी तिळगूळ दिला. "गोड बोला." मी काहीच बोलले नाही.

स्लाइड केल्या. सुकायला ठेवल्यात.

१५ जाने., बुध.

अ भरगच्च. क पण. मग ब लावली. नुसती गोल गोल झोपलेली केंद्रकं. ओळीने सरकवत गेले. तिसऱ्या ओळीत एक सापडली. क्रोमोसोम सुटे, छान पसरलेले. मग आणखी एक. पूर्ण स्लाइडभर मिळून अकरा.

सुटले. देव पावला म्हणायची पद्धत आमच्या घरी नाही, पण ते जे काही असतं ते वाटलं. म्हणजे थोडं तरी पीएचए त्यात गेलं असणार. पिपेटला लागलेलं.

चहाच्या वेळी शबानाला सहज विचारल्यासारखं विचारलं, समज एखाद्या ट्यूबमध्ये पीएचए घालायचं राहिलं तर?

"तर काय. झोपल्या त्या झोपल्या. सुनसान."

"एक पण नाही उठत?"

"एक पण नाही. बिमार रक्त असलं तर वेगळी गोष्ट. मॅडमनी दिवाळीच्या आधी दाखवलेलं ना, ते मुंबईहून आलेलं सॅम्पल. काही न घालता नाचत होत्या त्यात." मग माझ्याकडे बघून, "का ग? तुझं तोंड का उतरलं?"

मी म्हटलं, ॲसिडिटी.

ते सॅम्पल आठवतंय मला. त्याच्या रिपोर्टवरचा शब्द इथे लिहीत नाही.

पिपेट मी प्रत्येक ट्यूबला नवी घेते. म्हणजे लागलेलं पीएचए कुठून येणार.

म्हणजे ब कोणाची?

मॅडमची चिठ्ठी उघडायची गरज नाही. पेशीच सांगेल. सगळ्यांत लहान क्रोमोसोम मोजायचे. बाईच्या पेशीत चार, पुरुषाच्या पेशीत पाच, कारण वाय त्यांच्याएवढाच लहान असतो. दोन मिनिटांचं काम. मी रोज करते.

मोजले नाहीत. स्लाइड डबीत ठेवून घरी आले.

चार असले तर मी किंवा शबाना. मी असावी. एक क्षण वाटलं, शबाना असावी. हे लिहून ठेवते, म्हणजे मी कशी आहे ते मला विसरता येणार नाही.

१६ जाने., गुरु.

आजही मोजले नाहीत. डबी ड्रॉवरमध्ये. तीन वेळा ड्रॉवर उघडला, तीन वेळा बंद केला. मॅडमनी विचारलं, निरोगी रक्ताचे कंट्रोल कसे आलेत? म्हटलं, उद्या देते.

घरी बाबांकडे बघत बसले. भाकरी अर्धीच. "पोट भरल्यावानी वाटायलंय," म्हणाले. पट्ट्याला नवं भोक पाडलंय खिळ्याने. कधी पाडलं? जानेवारी आहे, आम्ही शाल घेऊन बसतो आणि यांचं बनियन पाठीवर ओलं. आई म्हणते कारखान्याची उष्णता अंगात मुरलीय. किती महिने म्हणतेय ती हे?

मी पण स्वतःला तपासतेय. डाव्या बरगडीखाली, प्लीहा सुजते तिथे, बोटं रुतवून बघितलं. हिरड्या आरशात. काही नाही. काही असतं तर बरं झालं असतं.

कॉलेजच्या नोट्स काढल्या. पेशीचक्र. पहिली अवस्था, पेशी वाढते. दुसरी, नक्कल. तिसरी, तपासणी आणि तयारी. चौथी, विभाजन. माझंच अक्षर, हिरव्या शाईने बाण गोल फिरवलेले. बाजूला लिहिलंय, "बाहेरून संदेश आल्याशिवाय पेशी या चक्रात शिरत नाही." त्याच्या खाली दोन रेघा. परीक्षेला येईल म्हणून मारलेल्या.

आलं होतं परीक्षेला. पूर्ण गुण मिळाले होते.

१७ जाने., शुक्र.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले.

पहिली पेशी. पाच.

दुसरी. पाच.

तिसरी नीट पसरलेली नव्हती, एकावर एक. सोडली.

चौथी, पाचवी, सहावी. पाच. पाच. पाच.

त्या पाचातला एक मला इतरांपेक्षा जरा जास्तच लहान वाटला. मुंबईच्या त्या सॅम्पलमध्येही एक असाच आखूड होता. नक्की नाही. माझ्या डोळ्यावर आज माझा विश्वास नाही.

मॅडम आल्या तेव्हा मी रजिस्टर घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी होते. सगळं सांगितलं. भरलेली कुपी समोर ठेवली. त्यांनी स्लाइड मागितली. स्वतः बसल्या. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. बराच वेळ बघत होत्या. मग ड्रॉवर उघडून चिठ्ठी काढली आणि माझ्याकडे सरकवली. ब, सुजाताचे वडील.

"तू आधी टिक केलंस."

"हो."

"हे मला सोमवारी सांगायचं होतंस."

"हो मॅडम."

"हे चार दिवस तुझे नव्हते. तुझ्या वडिलांचे होते."

मी रजिस्टर मिटलं.

मग जरा मऊ झाल्या. अकरा पेशींवरून मी कोणालाही आजारी ठरवत नाही, म्हणाल्या. कल्चर चुकलेलं आहे आणि चुकलेल्या कल्चरवरून निदान होत नाही. आधी साधी रक्ततपासणी करून घे. त्यांच्या डॉक्टरांकडून. तुझ्या नोकरीचं नंतर बघू.

"नंतर बघू" माझ्या कानावर आलं, पण आत गेलं नाही. चार दिवसांपूर्वी याच गोष्टीला मी घाबरत होते.

शबानाला बाहेर आल्यावर सांगितलं. तिने डब्यातलं मासळीचं कालवण मला वाढलं आणि मी संपवेपर्यंत बघत बसली.

१८ जाने., शनि.

बाबांना म्हटलं, मॅडमना तुमचं रक्त परत तपासून हवंय.

"एकदा दिलं ना."

"साधं, दवाखान्यातलं. पेशी मोजायच्या फक्त."

"कामून?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात, आई मोरीत होती म्हणून, "कागद कंपनीत जाईल का?"

"नाही जाणार. का?"

"फेब्रुवारीत मेडिकल असतंय. मागच्या साली आमच्या पाळीतल्या दोघांना मेडिकलनंतर घरी बसवलं. शिकायचंय तुह्या भावाचं अजून. मला काय झालेलं नाही."

म्हणजे त्यांनाही काही तरी वाटतंय. कधीपासून वाटतंय?

१९ जाने., रवि.

संध्याकाळी विहारातून येताना बाबांना म्हटलं, जरा खाडीकडच्या बांधावरून जाऊ. आई आणि भाऊ पुढे गेले. ओहोटी होती. पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या, त्यात बाबांचीही.

सांगितलं. माझ्या विसरण्यापासून सांगितलं, कारण तिथून सुरू केल्याशिवाय पुढचं सांगताच येत नव्हतं. मी टिक केली होती आणि औषध घातलं नव्हतं. ज्यांनी झोपून राहायला हवं होतं, त्यातल्या काही उठल्या होत्या.

बाबा म्हणाले, "माह्या?"

"हो."

"न उठवता?"

"हो."

एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून निवट्या मासे पकडत होता, बाबा त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "रिअ‍ॅक्शन हाताबाहेर गेली की आम्ही पहिलं काय करतो माहितंय? पळत नाही. पहिलं थंड पाणी सोडतो आणि तापमान बघतो." थोड्या वेळाने, "बघू तापमान. उद्या जाऊ."

मग मला, "तू रडायलीस कामून. तू विसरलीस म्हणून तर दिसलं."

हे वाक्य मी घरी येऊन दहा वेळा मनात म्हटलं. बरोबर आहे. तरी भीती आहे तिथेच आहे.

२० जाने., सोम.

रक्त दिलं. नाक्यावरच्या लॅबमध्ये. मीही सोबत. बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, "तुम्ही आधी टिक करता का नंतर?" त्याला काही कळलं नाही. मी जमिनीकडे बघत राहिले.

२१ जाने., मंगळ.

पांढऱ्या पेशी वाढल्यात. असायला हव्यात त्याच्या दुपटीपेक्षा थोड्या जास्त.

डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली. "कुठेतरी इन्फेक्शन आहे. दाढ वगैरे दुखते का?"

बाबा पटकन म्हणाले, "हो हो, दाढ. उजवीकडली. लई दिवसाची."

"मग झालं. पाच दिवस गोळ्या घ्या. दाढ काढून टाका."

बाहेर आल्यावर बाबांनी मला वडापाव घेतला. मला जशी शाळेत असताना नंबर आला की घ्यायचे. "बघ. दाढ." चालायचा वेग वाढला होता त्यांचा. घरी आईने ऐकलं आणि मोठ्याने म्हणाली, "मी कधीची सांगायले ती दाढ काढा म्हणून." मग तिने दोन भाकरी जास्त थापल्या. बाबांनी एक पूर्ण खाल्ली. मी मोजलं. प्रयत्न करून खाल्ली.

मलाही दाढच हवी आहे. उजवीकडची, किडलेली, साधी दाढ.

२२ जाने., बुध.

मॅडमना रिपोर्ट दाखवला. चष्मा काढून पुसला.

"दाढेनेही वाढतात," म्हणाल्या.

"म्हणजे दाढच असेल?"

"सुजाता, दाढेने पेशी वाढतात. पण दाढेने त्या माझ्या ट्यूबमध्ये दुभंगत नाहीत. आणि तुझ्या चुकलेल्या कल्चरवर मी भरवसा ठेवू शकत नाही. दोन्ही खरं आहे."

ठरलं. शुक्रवारी परत. त्याच रक्ताच्या दोन ट्यूब. एकीत पीएचए, दुसरीत मुद्दाम नाही. दोन्ही दोनच दिवस ठेवायच्या, रविवारी काढायच्या. दुसरी सुनसान निघाली तर आधीचं माझं काहीतरी चुकलं होतं, आणि दाढ. नाही निघाली तर परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवू, तिथे माझ्या ओळखीच्या डॉक्टर बाई आहेत, म्हणाल्या.

मी विचारलं, आणि तसं निघालं तर त्यावर औषध असतं ना?

"असतं. आवरून धरणारं असतं." एवढंच.

आवरून धरणारं. म्हणजे काढून टाकणारं नाही. मी याहून जास्त विचारलं नाही.

२४ जाने., शुक्र.

बाबा आले. आज चप्पल घालूनच आत आले. हे बरं की वाईट, मला कळेना.

शबाना म्हणाली, "काका, आज मूठ कमी आवळा, मागच्या वेळी सुई घाबरली होती."

"सुईला म्हणा, मी बी घाबरलोय. दोघं मिळून घेऊ उरकून."

तिला हसू आलं नाही. मान खाली घालून रक्त काढलं. नंतर स्टोअरमध्ये जाऊन आली, डोळे धुऊन.

नळी स्टँडमध्ये उभी होती तासभर. लाल खाली बसलं, वर पिवळं पाणी, मधे पांढऱ्या पेशींची रेघ. नेहमी दोऱ्याएवढी असते. आज जरा जाड वाटली. शबानाला विचारलं नाही. तिनेही मला सांगितलं नाही.

कल्चर लावताना मॅडम मागे उभ्या होत्या. पहिली ट्यूब. पीएचए. हातमोजा काढला, टिक केली, नवा घातला. दुसरी ट्यूब. पीएचएच्या रकान्यात आडवी रेघ मारली. एवढा वेळ लागतो खरं करायला. फार नाही.

अक्षरं लावली नाहीत या वेळी. कोणापासून लपवायचं?

२५ जाने., शनि.

आज त्या आत असतील. अडतीस नाही, सदतीस अंशांवर, बरोबर अंगाएवढ्या उबेत. त्यांना माहीतही नाही त्या बाबांमधून बाहेर आल्यात.

दुपारी इन्क्युबेटरच्या काचेतून बघितलं. बाहेरून काही दिसत नाही. लालसर पाणी.

गोळ्यांचा चौथा दिवस. बाबा म्हणतात दाढ कमी दुखते. मी विचारलं, आधी किती दुखत होती? ते पेपर वाचत राहिले.

आजपर्यंत दर वेळी मला वाटायचं, भरपूर दुभंगलेल्या मिळू देत. पनवेलच्या बाईंच्या वेळी, ज्यांची तीन बाळं पोटातच गेली, मी ट्यूबशी बोलायचे, उठा ग बायांनो. त्यांना उठवलं की मला अभिमान वाटायचा. आता दिवसभर एकच म्हणतेय, झोपा. झोपून राहा.

२६ जाने., रवि.

लॅब आहे त्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर झेंडा, दोन वॉचमन आणि एक कुत्रं. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं म्हणून बाबा सोबत आले. मी वर हार्वेस्ट करत होते, ते खाली पायरीवर बसले होते. कळलावीचं औषध घातलं, वाट बघितली, सेंट्रिफ्यूज, मग फिक्सेटिव्ह. तळाला इवलासा पांढरा ठिपका बसला. तेवढंच.

खाली आले तेव्हा बाबा वॉचमनबरोबर बोलत बसले होते. तो परभणीकडचाच निघाला. "ही माझी पोरगी. वर तिची लॅब हाय." माझी लॅब.

परत येताना बस नव्हती, पावणे गावापर्यंत चालत आलो. बाबांच्या कारखान्याच्या भिंतीला लागून. तो वास, जो लहानपणापासून मला बाबांच्या शर्टाचा वास वाटत आला. मी नाक धरलं नाही, पण श्वास कमी घेतला. त्यांनी बघितलं.

म्हणाले, "मी नसतो इथं आलो तर तू त्या लॅबात नसतीस."

म्हटलं, "बाबा, असं बोलू नका."

"का. खरंच हाय."

मग बरंच चालल्यावर, "उद्या काय निघायचं ते निघू दे. तू मात्र आधी टिक मारू नको. ना चांगल्याची, ना वाईटाची."

२७ जाने., सोम.

पीएचएवाली स्लाइड शबानाने बघितली. भरगच्च. "ही तर भरणारच होती," म्हणाली.

दुसरी माझ्यासमोर आहे. मॅडमनी विचारलं, मी बघू का? मी म्हटलं, आधी मी. त्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्यात, दार उघडं ठेवून. शबाना उगाच काचेची भांडी धुतेय, धुतलेलीच.

बाबांची पहिली पाळी चार वाजता सुटते. सरळ इथेच येतो म्हणाले. आता सव्वातीन.

स्लाइडवर तेलाचा थेंब टाकला. लेन्स खाली आणली. अजून डोळा लावलेला नाही. लावायच्या आधी हे लिहितेय.

रजिस्टर उघडं आहे. ट्यूब दोन. मीडियम, टिक. सीरम, टिक. रक्त, टिक. पीएचए, रेघ. पुढचा रकाना दुभंगलेल्या पेशींचा. कोरा.

पेन बंद करून बाजूला ठेवते. आधी बघते.